विषाचे वाटेकरी

"सुमेधा, आज दही पिवळं का गं?" बाबांनी विचारलं आणि मी मागे वळूनही न बघता म्हटलं, "अहो, हळदीचा हात लागला असेल." आमच्या घरात पिवळ्या रंगाचा गुन्हा नेहमी हळदीच्या नावावर जातो. मी ओट्याशी उभी राहून माझा डबा भरत होते, सायकलची किल्ली सापडत नव्हती, डोक्यात इन्स्टिट्यूटमधली मीटिंग होती. "हळद नाही गं," बाबा म्हणाले, "सगळंच पिवळं आहे. वाटी बघ, भिंत बघ. बाहेरचा बर्फसुद्धा. गावातल्या समस्त कुत्र्यांनी एकाच सकाळी ठरवून कार्यक्रम उरकला की काय?" स्वतःच्याच विनोदावर ते हसायला लागले, हसता हसता थांबले, टेबलाला धरून उठले आणि बेसिनपर्यंत पोचायच्या आत त्यांना उलटी झाली. तेव्हा कुठे मी वळले. वाटीतलं दही पांढरं होतं. दह्याचा डबा मीच आत्ता फोडला होता, हळद तिच्या जागी फडताळात होती. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला पहिल्यांदा जे वाटलं ती काळजी नव्हती. मला वाटलं, खालच्या मजल्यावर आवाज गेला.

हा आवाजाचा रोग मला इथे जर्मनीत येऊन जडला. पहिल्या हिवाळ्यात बसमध्ये मला ठसका लागला, तर समोरच्या बाईनं एक शब्द न बोलता पर्समधून खोकल्याची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. चांगुलपणानंच दिली असणार. मी मात्र पुढच्या स्टॉपवर उतरले आणि राहिलेला रस्ता चालत गेले. तेव्हापासून मी हळू शिंकते, हळू भांडते, रविवारी मिक्सर लावत नाही, आणि पुण्याहून माहेरचा फोन आला की आधी खिडकी बंद करते. अशा घरात बाबा आले. बाबा म्हणजे माझे सासरे, यशवंतराव. उभा जन्म कराडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार ते माईकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी आवाज अजून बेंबीच्या देठापासून निघतो. मीठ मागितलं तरी कोल्हापूरची गाडी सुटतेय असं वाटतं. सकाळी उठून बाथरूममध्ये त्यांचं ते खाकरणं, गुळण्या, घसा मोकळा करणं. कराडात त्यावरून शेजारणी घड्याळ लावत असतील. इथे मी बाथरूमबाहेर उभी राहून नळ सोडायची, आवाज झाकला जावा म्हणून. त्यांना ते कळलं असणार. काही दिवसांनी खाकरणं बंद झालं. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्यांनी आपला आवाज गिळला हे माझ्या ध्यानातही आलं नाही. की आलं होतं? आलं होतं.

मग त्यांना खोकला झाला. खाकरण्याला नळ होता, खोकल्याला काय लावणार? हृषिकेश, माझा नवरा, सोमवारी सकाळी गेर्लिंगेनला जातो तो शुक्रवारी रात्री येतो. त्याची कंपनी तिकडे, माझी लॅब इकडे, आणि आमचा संसार जर्मन रेल्वेच्या भरवशावर. म्हणजे बाबांना हाउसआर्त्स्टकडे, इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, न्यायचं काम माझं. डॉक्टरांनी छाती तपासली, व्हायरल आहे म्हणाले, गरम चहा प्या, वाफ घ्या, आराम करा, आठवड्यानं बघू. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "चहाच प्यायचा होता तर घरी काय वाईट होता?" मी हसले, पण आतून चरफडले. इथल्या प्रत्येक मराठी घरात एक डबा असतो. बिस्किटांचा नाहीतर आइस्क्रीमचा. त्यात भारतातून येताना आणलेल्या गोळ्या असतात, तापाच्या, जुलाबाच्या, आणि तळाशी, रुमालात गुंडाळल्यासारख्या, अँटिबायोटिकच्या पट्ट्या. इथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत ना! आमच्या ग्रुपवर रात्रीअपरात्री मेसेज येतात, कुणाकडे अमुक आहे का, आणि कुणीतरी सायकलवरून नेऊन देतं. मी मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे. आतड्यातले जिवाणू औषधांचं आणि विषांचं काय करतात, यावर मी पीएचडी केली आहे. अँटिबायोटिक उगाच घेऊ नये हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की झोपेतही सांगीन. आणि माझ्याकडे तो डबा आहे. मी त्यातनं इरिथ्रोमायसिन काढलं आणि बाबांच्या तळहातावर ठेवलं. "रोज तीनदा, जेवणानंतर. हृषिकेशला सांगू नका हं, तो उगाच लेक्चर देईल." बाबांनी आज्ञाधारकपणे मान डोलावली.

त्यांना बरं वाटावं म्हणून दिलं, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं. त्या आठवड्यात माझं व्याख्यान होतं, सामान्य नागरिकांसाठी, गावातल्या मोठ्या हॉलमध्ये, आणि बाबांनी हट्ट धरला होता की मी येणार. "मला एक अक्षर कळायचं नाही, माहीत आहे. पण तू बोलताना बघीन तरी." नको कसं म्हणणार? पण माझ्या डोळ्यांपुढे तो हॉल आला. दोनशे जर्मन, टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि पहिल्या रांगेत माझे सासरे, कानटोपी घालून, फुप्फुस बाहेर येईल असे खोकताहेत. त्या गोळ्या मी त्यांच्या छातीसाठी दिल्या नव्हत्या. माझ्या हॉलसाठी दिल्या होत्या. लाज वाटली म्हणून दिल्या, त्यांची लाज, आणि आता तीच लाज उलटून माझ्या अंगावर आली आहे.

बाबा आले, पहिल्या रांगेत बसले, कानटोपी मी दारातच काढून माझ्या बॅगेत कोंबली होती. एकदाही खोकले नाहीत. मी सुरेख बोलले. सुरुवातीलाच एका आजीबाईंनी हात वर करून विचारलं की शरीरातलं विष काढायला कुठला रस प्यावा, गाजराचा की बिटाचा, आणि मी म्हटलं, तुम्ही कुठलाही प्या, चवीला चांगला लागेल तो. विष काढायचं काम तुमचं यकृत आणि तुमच्या आतड्यातले कोट्यवधी भाडेकरू आधीपासूनच करताहेत. लोक हसले. मग मी सांगितलं की यकृत एखाद्या घातक पदार्थाचं गाठोडं बांधून खाली पाठवतं, तर काही जिवाणू ती गाठ सोडून तो पुन्हा रक्तात जाऊ देतात, आणि काही असे भले की विष स्वतःच मोडून टाकतात. आणि उदाहरण म्हणून स्लाइड कुठली, तर डिगॉक्सिन. हृदयाचं जुनं औषध, एका झाडापासून आलेलं, थोडं जास्त झालं की विष. काही माणसांच्या पोटात एक जिवाणू असतो, दहातल्या एखाद्याच्या तो बराच कामसू असतो, तो त्यातला मोठा वाटा मोडून निकामी करतो. डॉक्टरला वाटतं औषध लागू पडत नाही, म्हणून तो डोस वाढवतो. सगळं सुरळीत चालतं. आणि एक दिवस, मी बोट वर करून म्हटलं, एक दिवस कुणीतरी शहाणा त्या माणसाला अँटिबायोटिक देतो. वाटेकरी मरतो. आता वाढवलेला सगळा डोस एकट्या माणसाच्या वाट्याला येतो. "तेव्हा आपल्या भाडेकरूंना न विचारता घरात फवारणी करू नका!" पुन्हा हशा. बाबाही हसले, सगळे हसले म्हणून. त्यांच्या स्वेटरच्या खिशात माझी पट्टी होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती, पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते.

कुणी विचारील, बाई, तुला कळलं कसं नाही? बाबा सकाळी नाश्त्यानंतर एक बारीक गोळी घेतात हे मला ठाऊक होतं. ठोके अनियमित आहेत, त्याची. "माझी हार्टची गोळी" असं ते म्हणायचे, आणि आम्हीही हार्टची गोळीच म्हणायचो. कराडच्या डॉक्टरांनी मागच्या वर्षी ती वाढवली, "तुम्हाला औषध फार पचतं हो यशवंतराव" असं म्हणाले, हेही बाबांनी कौतुकानं सांगितलं होतं. सगळं माझ्यासमोर मांडलेलं होतं. मी त्या गोळीचं नाव कधी विचारलं नाही. माझ्या लॅबमधल्या उंदरांच्या पोटात काय जातं ते मला मिलिग्रॅममध्ये सांगता येतं.

नाव मी वाचलं ते नोटाउफनामेमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात. बाबांची नाडी इतकी मंद लागत होती की मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली होती. निघताना त्यांची औषधांची पिशवी उचलली; खिशातली इरिथ्रोमायसिनची पट्टी मात्र, कशी कोण जाणे, माझ्या हातानं काढून ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये टाकली. तेव्हा मला काही कळलेलं नव्हतं, शपथेवर सांगते. हाताला आधी कळलं असेल. तिथे बाबांच्या छातीला वायरी लावत होते, आणि मी हार्टच्या गोळीची पट्टी उलटी करून ब्रँडच्या नावाखालची बारीक अक्षरं वाचली. डिगॉक्सिन. पिवळं दिसणं, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, ठोके मंदावणं. चार दिवस बाबा "जेवण नको वाटतंय" म्हणत होते आणि मी समजत होते की माझ्या हातची भाजी नको आहे. माझी स्लाइड मला दिसली. स्लाइडवर मीच काढलेलं हसऱ्या जिवाणूचं चित्र होतं. इतक्यात पडदा सारून एक तरुण डॉक्टर आत आली, डॉ. क्रेमर. माझ्याकडे बघून तिचा चेहरा उजळला. "तुम्ही त्याच ना? परवा मी आईला घेऊन तुमच्या व्याख्यानाला आले होते! आई अजून त्या भाडेकरूंबद्दल बोलतेय." मग ती कामाला लागली. कुठली औषधं चालू आहेत? मी पट्टी दाखवली, रक्तदाबाची गोळी सांगितली. आणखी काही? घरगुती, आयुर्वेदिक, दुकानातून घेतलेलं? ती माझ्याकडे बघत होती, आदरानं. मी म्हटलं, "नाइन." नाही. आणखी काही नाही.

रक्तात डिगॉक्सिन भरपूर सापडलं. उतारा दिला, मॉनिटरखाली ठेवलं. दुपारपर्यंत ठोके सुधारले आणि मी बाहेर कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसून स्वतःला समजावत राहिले की माझ्या न सांगण्यानं काय अडलं? उपचार तेच. उतारा तोच. गोळ्या तर आता बंदच आहेत. मी डॉक्टर असते तरी दुसरं काय केलं असतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. असं म्हणताना मला कराडचा स्टँड आठवायला लागला. माझं पीएचडी झालं त्या वर्षी आम्ही गणपतीला गेलो होतो. बाबा मला मुद्दाम स्टँडवर घेऊन गेले, जुन्या सहकाऱ्यांना भेटवायला, आणि तिथे त्या काचेच्या केबिनमध्ये घुसून त्यांनी माईक हातात घेतला. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. आमच्या सूनबाई सौ. सुमेधा यांना जर्मनी देशात डॉक्टरेट मिळालेली आहे. चिपळूण गाडी फलाट क्रमांक सहावर लागत आहे." अख्खा स्टँड वळून बघायला लागला, कुणी टाळ्या वाजवल्या, चिपळूणची मंडळी पिशव्या घेऊन पळाली. आई, माझ्या सासूबाई, तेव्हा होत्या; त्या पदराआड हसत होत्या. आणि मी? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येताना बाबांशी बोलले नाही. त्यांना वाटलं, भरून आलं असेल.

संध्याकाळी हृषिकेशचा फोन आला. त्याला मी सांगितलं की रक्तात औषध जास्त झालं. पुढचं डॉक्टरच त्याच्याशी फोनवर बोलली होती: बहुधा विसरून दोनदोनदा घेत असावेत, या वयात होतं, स्मरणशक्तीची एकदा तपासणी करू. "मी म्हणतच होतो," हृषिकेश म्हणाला. "आई गेल्यापासून ते एकटे राहतात तेच चुकतंय. आता बास. कराडला परत पाठवायचं नाही. घर बंद करू, नाहीतर विकू, आणि इथेच नाहीतर पुण्यात एखाद्या चांगल्या जागी, जिथे लक्ष ठेवायला माणसं असतील." बाबा मार्चमध्ये परत जायची वाट बघत होते. कराडचं घर म्हणजे तीन खोल्या, पण मागच्या गच्चीवरून प्रीतिसंगम दिसतो, सकाळी फिरायला जाणारे चार मित्र आहेत, स्टँडवर अजून कुणीही त्यांना फुकट चहा पाजतं, आणि तिथे त्यांना पाहिजे तेवढ्या मोठ्यानं खाकरता येतं. तो माणूस एक गोळी दोनदा घेईल? ज्यानं तीस वर्षांत एक गाडी चुकीच्या फलाटाला लावली नाही? मी फोनवर म्हटलं, "घाई नको करू या." एवढंच म्हटलं. "अगं, तू किती करणार एकटी त्यांचं," तो मायेनं म्हणाला, आणि मी त्याला ते म्हणू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर बाबा बसते झालेले. "सगळं पांढरं दिसतंय गं," आनंदानं म्हणाले, "तू मात्र जरा काळवंडलीस." मी उशी नीट करायला लागले. तेवढ्यात डॉ. क्रेमर आली, हातात एक कागद, त्यावर नुसतं एक वर्तुळ. "त्यांना सांगा, हे घड्याळ आहे. आकडे भरायचे आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची." मी सांगितलं. बाबांनी चष्मा लावला, आधी बारा, सहा, तीन, नऊ मांडले, मग मधले भरले, काटे काढले, आणि वर्तुळाखाली सवयीनं सही ठोकली. मग पेन खाली ठेवून मला विचारलं, "पण हे कशाला गं?" मी म्हटलं, "तपासणी असते." "कसली?" मी पेनाला टोपण लावलं. त्यांनी कागदाकडे बघितलं, डॉक्टरकडे, माझ्याकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "मला वेळ कळते का, ते बघतायत?" ते म्हणाले. "मी गोळ्या दोनदा घेतल्या असं वाटतंय होय यांना?" आवाज अगदी बारीक होता. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, आणि किती वर्षं मी नेमकं हेच मागत होते.

मला सहन झालं नाही. धीर आला असं मी म्हणणार नाही, सहन झालं नाही. मी डॉक्टरकडे वळले आणि जर्मनमध्ये म्हटलं, की दोनदा घेतलेल्या नाहीत. एक अँटिबायोटिक चालू होतं. इरिथ्रोमायसिन, खोकल्यासाठी. काल सांगायचं राहिलं. डॉ. क्रेमरचे डोळे मोठे झाले. "आल्झो, अच्छा," ती म्हणाली, "पण हे तर तुमच्याच व्याख्यानातलं! जिवाणू मेले आणि डिगॉक्सिन चढलं. गेनाऊ, अगदी तेच! म्हणजे डोसचं गणित सगळं वेगळं. ते जिवाणू परत आले की पातळी पुन्हा खाली येणार, महिनोन्‌महिने लक्ष ठेवायला लागेल. बरं झालं तुम्हाला सुचलं." तिला खरोखर आनंद झाला होता. मग तिनं सहज विचारलं, "पण हे त्यांना दिलं कुणी? हाउसआर्त्स्टनं?" मी तोंड उघडलं. बाबांना जर्मन येत नाही, पण अँटिबायोटिक हा शब्द त्यांना कळला, औषधाचं नाव कळलं, आणि माझं तोंड तर ते लग्नापासून वाचत आलेत. "तू थांब," ते मला म्हणाले. मग डॉक्टरकडे वळून त्यांनी आपलं इंग्लिश काढलं: "मॅडम, माय टॅब्लेट्स. आय ब्रॉट फ्रॉम इंडिया. आय टेक. डॉटर-इन-लॉ सेड नो नो, आय नॉट लिसन." आणि वर, खात्रीसाठी, हात जोडले.

"बाबा, अहो काय हे," मी म्हटलं. ते मराठीत, तिच्याकडे बघून हसत हसत, मला म्हणाले, "गप गं. तुझं नाव आहे यांच्यात. ही पोरगी तुला मॅडम म्हणून बघतेय. मला इथे कोण ओळखतंय? एक म्हातारा, येडपट, गोळ्या खाल्ल्या. घड्याळ येत नाही म्हणण्यापेक्षा हे बरं." डॉ. क्रेमरनं माझ्याकडे बघितलं. "असं झालं का?" तिनं विचारलं. दार उघडंच होतं, नर्स ट्रॉली घेऊन जात होती, कुठेतरी मॉनिटर वाजत होता. नाही म्हणायला किती वेळ लागतो? मी जर्मनमध्ये म्हटलं, "या." म्हणजे हो.

मग ती खुर्ची ओढून बाबांसमोर बसली, आणि म्हणाली की मी सोप्या शब्दांत सांगते, तुम्ही त्यांना भाषांतर करून सांगा, तुमच्यापेक्षा चांगलं कोण सांगणार! आणि तिनं सुरुवात केली. आपल्या पोटात असंख्य जिवाणू असतात. मी मराठीत म्हटलं, "बाबा, आपल्या पोटात असंख्य जिवाणू असतात." "हो का?" बाबा म्हणाले. ते आपल्यासाठी विष मोडतात. "ते आपल्यासाठी विष मोडतात." तुमच्या पोटात असा एक आहे जो तुमच्या हृदयाच्या औषधाचा वाटा खातो. "अरे वा," बाबा म्हणाले. तुम्ही मनानं अँटिबायोटिक घेतलंत आणि त्याला मारलंत, म्हणून ते औषध तुम्हाला चढलं. मी सांगितलं, "तुम्ही मनानं घेतलंत." बाबांनी मान खाली घातली. अशा गोळ्या दुसऱ्या देशातून आणून, कुणाला न विचारता घेणं अत्यंत बेजबाबदार आहे. तुम्ही मरू शकला असता. घरात इतकी जाणकार व्यक्ती असताना तिचं न ऐकणं ही कमाल आहे. ती प्रेमानं, पण कडक बोलत होती, लहान मुलाला समज द्यावी तशी, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून माझ्याकडे बघत होती. एकही वाक्य मला गाळता आलं नाही. गाळलं असतं तर बाबांच्या चेहऱ्यावरून तिला कळलं असतं. बेजबाबदार. मरू शकला असता. जाणकार व्यक्ती. मी सगळं स्वच्छ मराठीत सांगितलं, आणि बाबा माझ्या तोंडून ते ऐकत "हो, हो, बरोबर आहे" म्हणत राहिले. शेवटी म्हणाले, "सॉरी म्हणावं डॉक्टरांना. परत नाही करणार." मी तेही सांगितलं. तिनं त्यांच्या हातावर थोपटलं, मला म्हणाली, तुम्ही घरात आहात हे त्यांचं नशीब, आणि गेली.

मी संत्रं सोलायला घेतलं आणि एकेक शीर काढत बसले. मला म्हणायचं होतं, बाबा, तुम्ही खोकू नये म्हणून मी त्या गोळ्या दिल्या. हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं मी त्यांच्या काळजीपोटी दिल्या, आणि त्या काळजीलाच ते पाठीशी घालत होते. म्हणायचं होतं, पण फोन वाजला, त्यांचा, उशाशी ठेवलेला. हृषिकेश. बाबांना आवाज मोठाच लागतो, मला पलीकडचा शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. डॉक्टरनं त्याला कळवलं होतं. "बाबा, तुम्हाला काही अक्कल? घरात सून याच विषयातली डॉक्टर, जग तिला बोलवतंय ऐकायला, आणि तुम्ही चोरून गोळ्या खाता? तिनं नको म्हणून सांगितलं तरी?" "चुकलं रे," बाबा म्हणाले. "चुकलं काय! तिला काय वाटलं असेल? तिकडे त्या लोकांसमोर?" "हो रे. चुकलं म्हटलं ना." "आता कराड विसरा. विसरलात काय किंवा मुद्दाम खाल्ल्यात काय, एकच झालं. तुमच्यावर भरवसा ठेवता येत नाही. घर बंद करायचं, ऐकताय ना?" बाबांनी चष्मा काढून चादरीवर ठेवला. मी संत्रं ताटलीत ठेवलं. मग ते म्हणाले, "बरं. किल्ली शेजारी यमुनाबाईंकडे आहे. तुळस आणि मोगऱ्याच्या कुंड्या त्यांनाच देऊन टाक, त्या पाणी घालतील." मी फोनसाठी हात पुढे केला. माझी बोटं त्यांच्या मनगटाला लागली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मानेनंच नको म्हणाले, आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

मी हात मागे घेतला.